प्रसूती विभागाचा आराखडा: खोल्या किती, दारं केवढी, बाळाचा कोपरा कुठे

बहुतेक बाळंतपणं संथ गतीने पार पडतात. कळा वाढत जाईपर्यंत दहा-बारा तास बाईला फेऱ्या मारायच्या असतात, शॉवरखाली उभं राहायचं असतं, दिवे मंद हवे असतात, शेजारी आपलं माणूस हवं असतं. मग त्याच खोलीत कधी पाच मिनिटांत सहा माणसं, दोन ट्रॉल्या, रक्ताची पिशवी आणि लख्ख उजेड लागतो. आराखडा करणाऱ्याने फक्त संथ तास डोळ्यांसमोर ठेवले तर देखणी पण निरुपयोगी खोली तयार होते. फक्त आणीबाणी ठेवली तर ऑपरेशन थिएटरची धाकटी बहीण तयार होते, आणि तिथे शिरताच बाईच्या कळा मंदावतात. पुढचं प्रत्येक माप या दोन्ही वेळांना लावून बघा.

आधी मोजणी

खोल्यांची संख्या जागा किती आहे यावरून ठरवू नका. वर्षाला किती बायका कळा घेऊन येणार आणि प्रत्येकीची खोली किती तास अडणार, हे दोन आकडे घ्या. आधीच तारीख ठरलेली सिझेरियन यातून वगळा, त्यांना लेबर रूम लागत नाही. समजा वर्षाला ३,००० बाळंतपणं आहेत आणि सफाईचा एक तास धरून प्रत्येकीला खोली १२ तास लागते. म्हणजे दिवसाला ८.२ बायका, आणि एका वेळी सरासरी ४.१ खोल्या भरलेल्या.

इथे नेहमी चूक होते. सरासरी चार, म्हणून पाच खोल्या बांधल्या जातात. पण कळा वेळापत्रक बघून येत नाहीत. कधी रात्रभर एकही बाई नसते, कधी तासाभरात चार येतात. पाच खोल्या ठेवल्या तर वर्षातला जवळजवळ २३ टक्के वेळ एखादी तरी बाई खोलीविना राहील. आठ ठेवल्या तर हेच प्रमाण अडीच टक्क्यांवर येतं, म्हणजे वर्षभरात मिळून नऊएक दिवस. हाताशी ठेवायचा ठोकताळा असा: सरासरीत तिच्या वर्गमुळाची दुप्पट मिळवा. ४.१ चं वर्गमूळ सुमारे २, दुप्पट ४, बेरीज ८.

याच ठोकताळ्याने वर्षाला ५०० बाळंतपणांसाठी तीन खोल्या येतात आणि १२,००० साठी २५. बाळंतपणं चौपट झाली तरी खोल्या ८ च्या ३२ होत नाहीत. मोठ्या विभागाला चढउतार सोसणं सोपं जातं. लहान विभागाला मात्र बऱ्याच रिकाम्या खोल्या सांभाळाव्याच लागतात, आणि त्या रिकाम्या दिसतात म्हणून त्यांचं स्टोअर करून टाकण्याचा मोह आवरावा लागतो.

बाळंतिणींच्या वॉर्डालाही हेच गणित लावा. नॉर्मल बाळंतपणानंतर किमान २४ तास बाई आणि बाळ देखरेखीखाली असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. प्रत्यक्षात दीड दिवस धरा, सिझेरियनला साडेतीन. वर्षाला २,५०० नॉर्मल आणि १,१०० सिझेरियन असतील तर एका दिवशी सरासरी २१ खाटा भरलेल्या राहतील, आणि लागतील ३०.

एक खोली की तीन खोल्या

जुन्या पद्धतीत कळांची खोली वेगळी, बाळंतपणाचं टेबल वेगळं आणि नंतरची देखरेख आणखी तिसरीकडे. म्हणजे बाळाचं डोकं खाली येत असताना, हलवायला सर्वांत वाईट अशा क्षणी, बाईला स्ट्रेचरवर चढवायचं. नवा विभाग बांधत असाल तर कळा, जन्म आणि नंतरचे दोन तास एकाच खोलीत आणि एकाच पलंगावर व्हावेत, असा आराखडा करा. घरी जाईपर्यंत तीच खोली देण्याची पद्धतही आहे. तिथे एक खोली दीड-दोन दिवस अडते, त्यामुळे खोल्या कितीतरी जास्त लागतात आणि प्रत्येकीत महागडी यंत्रं पडून राहतात. लहान विभागाला ते चालून जातं, मोठ्याला परवडत नाही.

खोलीची मापं

बाळंतपणाचा पलंग साधारण १.१ मीटर रुंद आणि २.३ मीटर लांब असतो. दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर मोकळं ठेवा, पायाकडे दोन मीटर. एवढ्यानेच जवळजवळ १८ चौरस मीटर जातात. बाळाच्या कोपऱ्याला (जन्मल्यावर बाळाला पुसायची, गरज पडली तर श्वास द्यायची जागा) ५, सोबतीच्या माणसाची आरामखुर्ची, हात धुण्याचं बेसिन आणि कपाट मिळून आणखी ५ ते ६. म्हणून संडास-बाथरूम सोडून ३० चौरस मीटर धरा आणि खोलीची कोणतीही बाजू ४.१ मीटरपेक्षा कमी करू नका. २२ चौरस मीटरमध्येही बाळंतपण होतं, पण अतिरक्तस्राव सुरू झाल्यावर पलंगाच्या एका बाजूला कोणालाच उभं राहता येत नाही.

पलंगाचं पायथ्याचं टोक दाराकडे नको. दार उघडलं की कॉरिडॉरमधून काय दिसतं हे कागदावर रेघ मारून तपासा. जागाच नसेल तर दाराच्या आत पडदा लावा, मात्र तो दारापासून इतका आत हवा की दार उघडून आत आल्यावरही माणूस पडद्याबाहेरच राहील.

पलंगाचा पायाकडचा सुटा भाग काढल्यावर तो ठेवायचा कुठे? आराखड्यात त्याला जागा दिलेली नसते. मग तो बाळाला ऊब देणाऱ्या वॉर्मरला टेकवून ठेवला जातो आणि बाळ न्यायच्या वेळी नेमका मध्ये येतो. पलंगाजवळच्या भिंतीवर दोन कंस लावले की प्रश्न मिटतो.

सोबतीच्या माणसाला ठरलेली जागा द्या. जागा नसली की तो दारात उभा राहतो, आणि दार ही आणीबाणीतली सर्वांत मोलाची जागा असते. खुर्ची पलंगाच्या डोक्याकडे, बाळाच्या कोपऱ्याच्या विरुद्ध बाजूला ठेवा.

बाथरूमचं दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं हवं. बाई आत चक्कर येऊन दाराला टेकून पडली तर आत उघडणारं दार उघडतच नाही. कडी बाहेरून नाण्याने फिरवून उघडता यावी. कमोडच्या एका बाजूला ९० सेंटिमीटर मोकळे ठेवा, कारण जोर आल्यासारखं वाटून बाई संडासला जाते आणि बाळ तिथेच येतं, हे दुर्मीळ नाही. घंटीची दोरी जमिनीपासून १० सेंटिमीटरपर्यंत लोंबती हवी. फरशीवर पडलेल्या बाईचा हात तिथवरच पोचतो. सफाई करणारे ती दोरी गाठ मारून वर अडकवतात, म्हणून गाठ बसणार नाही अशी जाड दोरी घ्या. शॉवरला उंबरा नको.

पाण्यातल्या बाळंतपणासाठी टब ठेवणार असाल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला पहिल्याच दिवशी सांगा. ६०० लिटर पाणी, टब आणि माणसं मिळून वजन टनाच्या आसपास जातं, आणि वॉर्डाच्या नेहमीच्या स्लॅबचा हिशेब त्यासाठी केलेला नसतो. टब भिंतीला चिकटवू नका, किमान तीन बाजूंनी हात पोचला पाहिजे. पाणी ३७.५ अंशांच्या वर जाऊ देऊ नये. बेशुद्ध पडलेल्या बाईला बाहेर काढायची झोळी टबाशेजारीच टांगलेली असावी.

बाळाचा कोपरा

श्वास न घेणाऱ्या बाळाला जन्मापासून एका मिनिटाच्या आत मास्कने हवा द्यायला सुरुवात झाली पाहिजे. पुसणं, चोळणं, डोकं नीट ठेवणं यात अर्धा मिनिट जातो. उरलेल्या अर्ध्या मिनिटात कपाट उघडून मास्क शोधायला वेळ नसतो.

म्हणून हा कोपरा खोलीतच हवा, शेजारच्या खोलीत नको, आणि पलंगापासून दोन-तीन मीटरवर, आईला दिसेल असा. वॉर्मरच्या तीन बाजूंनी ९० सेंटिमीटर मोकळे ठेवा: डोक्याकडे एक माणूस, दोन्ही बाजूंना एकेक. वॉर्मरची डोक्याकडची बाजू भिंतीला लावून ठेवणं ही सर्रास होणारी चूक आहे, कारण मास्क धरणारा नेमका तिथेच उभा राहतो. उघड्या फळीवर, हाताच्या अंतरावर, झाकण नसलेल्या ट्रेमध्ये एवढं असावं: श्वास देण्याची बॅग, ० आणि १ नंबरचे मास्क, सक्शनच्या नळ्या, दोन कोरडे टॉवेल, टोपी, नाळेचा चिमटा.

ऑक्सिजन, हवा आणि सक्शन यांची जोडणी आईची वेगळी आणि बाळाची वेगळी ठेवा. आईला किमान एक ऑक्सिजन आणि दोन सक्शन, बाळाला प्रत्येकी एक. बाळाला हवेची लाइन विसरली जाते. ती नसेल तर ऑक्सिजनचं प्रमाण कमी-जास्त करता येत नाही आणि पूर्ण दिवसांच्या बाळालाही शंभर टक्के ऑक्सिजन मिळत राहतो. सक्शनचे रेग्युलेटरही वेगळे घ्या: बाळासाठी दाब १०० मिलिमीटर पाऱ्याच्या वर जाऊ नये. जुळ्यांसाठी निदान एका खोलीत बाळाचे दोन संच द्या.

भिंतीवर सेकंदकाटा असलेलं घड्याळ लावा, वॉर्मरपाशी उभं राहूनही दिसेल आणि पलंगापाशीही. बाळाची तब्येत गुणांत मोजणारा एक आणि पाच मिनिटांचा अपगार स्कोअर त्यावरच काढतात. विभागातली सगळी घड्याळं एकाच यंत्रणेवर चालवा. लेबर रूमचं घड्याळ थिएटरच्या घड्याळापेक्षा चार मिनिटं पुढे असेल तर नोंदींमध्ये आईला थिएटरमध्ये नेण्याआधीच बाळ जन्मलेलं दिसतं.

हवा आणि तापमान

सर्वांत जास्त भांडणं इथे होतात. प्रसूतीच्या खोलीत २५ ते २८ अंश सेल्सिअस असावं, वाऱ्याचा झोत नसावा, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. जोर करून घामाघूम झालेली बाई आणि गाऊन घातलेले डॉक्टर यांना २१ अंश हवे असतात. ओल्या बाळाचं तापमान मात्र मिनिटागणिक उतरतं, आणि ते ३६.५ ते ३७.५ अंशांत राहायला हवं. तोडगा एवढाच की प्रत्येक खोलीचं नियंत्रण त्या खोलीतच असावं आणि जन्म जवळ आला की तापमान पटकन चढवता यावं. सगळ्या मजल्याचा एसी तळघरातल्या खोलीतून एका आकड्यावर बांधून ठेवला तर वॉर्मर कितीही चांगला असला तरी उपयोग नाही.

एसीच्या जाळीचा नकाशा आणि वॉर्मरचा नकाशा एकमेकांवर ठेवून बघा. हे दोन नकाशे दोन वेगळ्या ऑफिसांत तयार होतात, आणि गार हवेचा झोत अगदी बाळावर पडतो हे विभाग सुरू झाल्यावर कळतं. वॉर्मर खिडकीलगत किंवा बाहेरच्या थंड भिंतीलगतही नको.

लेबर रूमला तासाला ६ वेळा हवा बदलण्याची सोय लागते, त्यातल्या किमान २ वेळा ताजी. सिझेरियनच्या थिएटरला २०, त्यात ४ ताज्या. वेदनाशमनासाठी नायट्रस ऑक्साइड वापरणार असाल तर हवा खेचण्याची एक जाळी जमिनीलगत ठेवा. हा वायू हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. बाई काही तासांनी निघून जाते, पण सिस्टर तिथे रोज आठ तास असते.

आवाज, उजेड, पाणी, वीज

शेजारच्या खोलीतल्या किंकाळ्या ऐकत पहिलटकरणीने बारा तास काढायचे, हे टाळता येतं. खोल्यांमधली भिंत फॉल्स सीलिंगपाशी थांबवू नका, वरच्या स्लॅबपर्यंत न्या. अर्धवट भिंत हे आवाज जाण्याचं पहिलं कारण. दुसरं कारण म्हणजे दोन खोल्यांचे स्विचबोर्ड एकाच भिंतीत पाठीला पाठ लावून बसवणं. ते एकमेकांपासून सरकवा.

दिवे तीन थरांत हवेत: जमिनीलगतचा मंद उजेड, मंद-तेज करता येणारे साधे दिवे, आणि टाके घालण्यासाठी व बाळासाठी १,००० लक्सच्या वर जाणारा दिवा. छतावर बसणाऱ्या मोठ्या दिव्याला स्लॅबमधून लोखंडी आधार लागतो. तो आधीच टाकून ठेवा, नंतर छत फोडावं लागतं. बाळाच्या कोपऱ्याजवळच्या भिंती पांढऱ्या किंवा राखाडी ठेवा. पिवळ्या भिंतीजवळ कावीळ ओळखता येत नाही आणि निळ्या भिंतीजवळ चांगलं गुलाबी बाळही निळसर दिसतं. कार्टूनची चित्रं काढायचीच असतील तर कॉरिडॉरमध्ये काढा.

बेसिनच्या नळाची धार सरळ जाळीवर पडू देऊ नका. जाळीखालच्या पाइपात जंतूंचा थर वाढतो आणि धारेबरोबर बाहेर उडतो. औषधं भरण्याचा ओटा बेसिनपासून किमान एक मीटर लांब ठेवा. गरम पाणी टाकीत ६० अंशांना साठवा आणि थंड पाण्यात मिसळणारा व्हॉल्व्ह नळाजवळ बसवा. टाकीतच ४० अंशांवर ठेवलेलं पाणी लिजिओनेला हे न्यूमोनियाचे जंतू वाढवायला आदर्श असतं.

एका पलंगाचे सगळे प्लग एकाच सर्किटवर नकोत. वॉर्मर जनरेटरच्या लाइनवर हवाच. मॉनिटर, टाक्यांचा दिवा आणि बाळाच्या कोपऱ्यातला एक प्लग यूपीएसवर घ्या, कारण जनरेटर भार उचलेपर्यंतची दहा सेकंदं अंधारात टाका मारता येत नाही.

दारं, कॉरिडॉर आणि थिएटर

दाराची मोकळी रुंदी १.२ मीटर, कॉरिडॉर २.४ मीटर. हे आकडे पलंगासाठी पुरतात, पलंग वळवण्यासाठी पुरतीलच असं नाही. जमिनीवर चुन्याने किंवा टेपने दार आणि कॉरिडॉर आखा, खरा पलंग आणा, त्याला सलाइनचा स्टँड लावा, दोन्ही बाजूंना एकेक माणूस चालू द्या, आणि खोलीतून बाहेर काटकोनात वळा. इथे निम्मे आराखडे अडकतात. बहुतेकदा दाराची एक बाजू ३० सेंटिमीटर सरकवली की काम होतं.

तातडीच्या सिझेरियनमध्ये निर्णयापासून जन्मापर्यंत ३० मिनिटं ही सर्वसाधारण मर्यादा मानली जाते. नाळ बाळाच्या आधी खाली सरकली असेल तर तेवढी वाट बघता येत नाही. टीम गोळा करणं, भूल, तयारी यांतच बहुतेक वेळ जातो, म्हणून ढकलत नेण्याला दोन मिनिटांपेक्षा जास्त मिळू नयेत. थिएटर त्याच मजल्यावर, ५० मीटरच्या आत, मधे लिफ्ट नाही. या तीन अटींपैकी एखादी सोडावी लागत असेल तर बाकी सगळा नकाशा पुन्हा मांडा.

थिएटर किमान ४० चौरस मीटरचं, शिवाय बाळासाठी वेगळे ७ ते ८. आमच्या मते ३,००० बाळंतपणांच्या विभागाला दुसरं थिएटर हवंच. एक सिझेरियन तासभर चालतं, आणि दुसरी आणीबाणी त्या तासात यायला कोणाची परवानगी घेत नाही.

अतिरक्तस्रावाची ट्रॉली कॉरिडॉरमधल्या उघड्या कोनाड्यात ठेवा, दर चार खोल्यांमागे एक. कोनाड्याला दार लावू नका, दाराला कुलूप येतं आणि किल्लीला मालक. जवळच २ ते ८ अंशांचा छोटा फ्रिज हवा, रक्तस्राव आवरणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन त्यात राहतं. तो औषधांच्या मुख्य स्टोअरमध्ये, दोन दारांपलीकडे असला की इंजेक्शन दिवसभर ट्रेमध्ये उघड्यावर पडून राहतं आणि त्याचा जोर कमी होतो.

आगमन, एनआयसीयू आणि बाळंतिणींचा वॉर्ड

प्रवेशाजवळ तपासणीच्या दोन-तीन खोल्या द्या. कळा खऱ्या की खोट्या हे तिथे ठरतं आणि बऱ्याच बायका घरी परततात. यातली एक खोली बाळंतपणाच्या पूर्ण सामानासह तयार ठेवा, काही बाळं लेबर रूमपर्यंत थांबत नाहीत. गाडी थांबते तिथे छप्पर आणि व्हीलचेअर हवी.

एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग, लेबर रूम आणि थिएटर या दोघांच्या शेजारी. तिथे आईच्या खाटेची जागा आधीपासून धरा. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच देशांतल्या मोठ्या चाचणीत कमी वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी ठेवलं गेलं. त्या गटात महिन्याच्या आत १२ टक्के बाळं दगावली, नेहमीच्या पद्धतीच्या गटात १५.७ टक्के. हे करायचं तर बाळाच्या शेजारी आईचा पलंग, तिची तपासणी करायला जागा आणि तिच्यासाठी संडास लागतो. खुर्ची ठेवून हे भागत नाही, सिझेरियन झालेली बाई खुर्चीत चार तास बसू शकत नाही.

एक खोली मृत बाळ जन्मलेल्या आईवडिलांसाठी राखा. ती वॉर्डाच्या टोकाला हवी, जिथे दुसऱ्या बाळांचं रडणं पोचत नाही, आणि बाहेर जायला वेगळा रस्ता असावा. पेढे वाटणाऱ्या नातेवाइकांच्या गर्दीतून त्यांना जावं लागू नये. खोलीत थंड राहणारा पाळणा ठेवला तर बाळाजवळ त्यांना थोडा जास्त वेळ मिळतो. या खोलीचं ऑफिस होऊ देऊ नका.

वार, रक्ताने भिजलेलं कापड आणि मैला यांची खोली लेबर रूमच्या बाजूलाच, पण तिचा रस्ता स्वच्छ सामानाच्या रस्त्याला छेद देणारा नको.

स्टोअरचं क्षेत्रफळ अंदाजाने ठरवू नका. चाकं असलेल्या प्रत्येक वस्तूची यादी करा: सोनोग्राफी मशिन, बाळाच्या ठोक्यांची मशिनं, फिरता इनक्युबेटर, जादा वॉर्मर, स्ट्रेचर, व्हीलचेअर, चेंडू आणि चटया. प्रत्येकीची जमिनीवरची जागा मोजा आणि बेरजेला दीडने गुणा. खर्च कापताना पहिला घाव स्टोअरवर पडतो, आणि मग ती सगळी यादी २.४ मीटरच्या कॉरिडॉरमध्ये येऊन उभी राहते. कॉरिडॉर तेव्हा दीड मीटरचा उरतो.

बांधण्याआधीची तालीम

भिंती उभ्या करण्यापूर्वी एका खोलीचा खऱ्या मापाचा नमुना पुठ्ठ्याने आणि टेपने उभा करा. रात्रपाळीच्या सिस्टर, सफाईवाल्या मावशी, भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ यांना एकाच वेळी बोलवा. तीन प्रसंग करून बघा: बाळ श्वास घेत नाही, आईला रक्तस्राव होतोय, आणि दोन्ही एकदम. तिसरा प्रसंग सोडू नका. कोण कुठे अडखळलं, कोणाची पाठ कोणाला लागली, कुठला प्लग पोचला नाही हे फरशीवर खडूने लिहा. मग सगळे दिवे मालवून चौथा प्रसंग करा: काहीच आणीबाणी नाही, बाई फक्त फेऱ्या मारतेय. तिला टेकायला भिंतीला कठडा कुठे आहे, बाथरूमचा दिवा अंधारात सापडतो का, सोबतीच्या माणसाचे पाय वाटेत येतात का, हेही त्याच खडूने लिहा.